आठशे दहा फूट

चिनावलच्या शिवारात बोअरची गाडी लागली
की नेहेते सर सायकलला खुर्ची बांधून येतात.
चाळीस वर्षं भूगोल शिकवला,
आता बुडालेलं शहर शोधतात.

गाडी तिरुचेनगोडेची, ऑपरेटर पेरियसामी.
मी रॉड मोजतो, चिखल चाळतो,
दर वीस फुटांचा मूठभर गाळ सरांना देतो.
ते तो केळीच्या रोपांच्या काळ्या पिशवीत भरतात,
आत चिठ्ठी, चिठ्ठीवर फूट.
घरी म्हणे अशा दोन हजार पिशव्या आहेत.
बाईंनी पलंग ओसरीवर काढलाय.

"लोक समुद्रात शोधतात," सर म्हणतात,
"कारण समुद्र दिसतो.
बुडायला पाणीच लागतं असं कोणी सांगितलं?"
मग काडीने मातीत रेघ ओढतात.
हा सातपुडा. ही तापी.
गोदा, कृष्णा उगवतीकडे गेल्या, ही मावळतीकडे,
काहीतरी पाहून पाठ फिरवल्यासारखी.
आणि मधल्या या पट्ट्यात तळच लागत नाही.
खडक नाही. नुसता गाळ, गाळाखाली गाळ,
हजार फूट, पुन्हा खाली.
"एवढं पांघरूण कोणावर घातलं असेल, सांग बरं?"

मी काय सांगणार.
आजोबांच्या वेळी साठ फुटांवर मोट चालायची.
वडलांना दोनशेला लागलं.
मी या धंद्यात आलो तेव्हा साडेचारशे.
सरांचं शहर खरंच असलं
तर त्याचं पाणीसुद्धा त्याला सोडून खाली चाललंय.
घाटाच्या पायऱ्या उघड्या पडल्या असतील,
होड्या गल्लीत टेकल्या असतील,
आणि तिथली माणसं वर बघून म्हणत असतील,
बुडालो होतो तेच बरं होतं, बापा.

त्या रात्री सातशेला पिवळी माती.
सातशे साठला वाळू, कोरडी ठणठणीत,
लाह्या भाजायला न्यावी अशी.
मालक लोटू पाटील चाकाशी बसून
फोडलेल्या नारळाची शेंडी उगाच सोलत होता.
पेरियसामी त्याच्या भाषेत देवाशी भांडत होता, किंवा घरी बोलत होता.
सरांना डुलकी लागलेली.
कानटोपी, मांडीवर रिकाम्या पिशव्या,
एवढ्या आवाजातही तोंड जरासं उघडं.

मला काय सुचलं कोण जाणे.
बायकोची पिचलेली बांगडी खिशात होती,
हिरव्या काचेची, मापाला न्यायची म्हणून ठेवलेली.
टाचेखाली चुरली.
एक तुकडा गाळात घोळला, चाळणीत टाकला.
"सर, उठा. काहीतरी आलंय."

सरांनी बॅटरी दातात धरली.
तुकडा सदऱ्याला पुसला, ओला केला, पुन्हा पुसला,
उजेडाआड धरला.
कंप्रेसर धडधडत होता, माझंही.
फार वेळाने म्हणाले,
"फैजपूरच्या बाजारातली. चाळीसला डझन."

मी रॉडकडे बघत राहिलो.
सर रागावले नाहीत. हसलेही नाहीत.
एक पिशवी घेतली, तुकडा आत ठेवला,
नेहमीसारखंच विचारलं, "किती फूट?"
"आठशे दहा."
चिठ्ठी लिहायला मात्र त्यांना वेळ लागला.

नऊशे चाळीसला पाणी लागलं.
अर्धा इंच, गढूळ, कोमट,
कोणीतरी नुकतंच हात धुऊन सोडल्यासारखं.
लोटू पाटलाने ओंजळीत धरून पाहिलं, बोलला नाही.

सकाळी सरांच्या पिशव्या घरी पोचवायला गेलो.
बाईंनी चहा टाकला. ओसरीवर, पलंगाच्या कडेला,
एकेक ओळीने लावत होतो.
ती पिशवी हाताला लागली.
गाठ सैल होती. मी वाचलं.

फळ्यावरचं वळणदार अक्षर :
८१० फूट.
मनुष्यवस्तीची खूण.
खाली दोनदा रेघ मारलेली.